पांढरी पूड आणि विसरलेली वाट

धाकटी: पातेलं नंतर घास, दादा. आधी बस. उभ्याने ऐकायची गोष्ट नाही ही.

दादा: मी बसलो तर संध्याकाळचं सुपाचं दुकान कोण उघडणार? तू बोल. माझे हात गुंतलेत, कान मोकळे आहेत.

धाकटी: उद्याच्या परिषदेत सकाळचं पहिलं भाषण माझं आहे. माझं. आधी मला बाहेरच्या भिंतीवर एक तक्ता चिकटवायला जागा दिली होती, जाता-येता कुणी वाचला तर वाचला. आता मोठं सभागृह, व्यासपीठ, आणि समोर सगळे बसलेले. सरांनी स्वतः फोन करून कळवलं.

दादा: कोणते सर? तुझं लिखाण लाल शाईत न्हाऊ घालणारे?

धाकटी: तेच. आणि काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, ‘चांगलं काम आहे.’ आमच्या प्रयोगशाळेत हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेला नाही. माझ्या शेजारी बसतो तो मुलगा म्हणाला, तू नीट ऐकलंस ना, ‘लांबलंय काम’ म्हणाले असतील.

दादा: मग आज चहा माझ्याकडून.

धाकटी: चहा रोजच तुझ्याकडून असतो.

दादा: आज आलं घालतो. पण उद्या साडी तेवढी बरी नेस गं, त्या प्रयोगशाळेच्या डगल्यात उभी राहू नकोस.

धाकटी: अजून ऐक. भाषण झालं की वर्तमानपत्राच्या एक बाई भेटणार आहेत. त्यांनी आधीच सरांना विचारलंय, ‘चवीची पूड खाल्ल्याने माणूस विसराळू होतो, असं आम्ही लिहिलं तर चालेल का?’ सर म्हणाले, उंदीर विसराळू होतात असं लिहा. तर त्या म्हणाल्या, उंदरांविषयी कोण वाचणार?

दादा: हं.

धाकटी: नुसतं हं काय? वर्षभर मी उंदरांच्या वासात राहिले. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची.

दादा: आनंद झालाय गं मला. खरंच झालाय. ती पूड म्हणजे तीच ना, पांढरी? आपल्या सुपात घालायचो ती?

धाकटी: तीच. मोनोसोडियम ग्लुटामेट. मी मागे फोनवर सांगितलं होतं ना, बाबांच्या जेवणातून आधी ती काढ म्हणून.

दादा: त्याच दिवशी काढली. बाबांच्या जेवणातूनही आणि दुकानातूनही. तू सांगितल्यावर चिमूटभरसुद्धा पडली नाही कशात.

धाकटी: शहाणा माझा भाऊ. मग, बाबा कसे आहेत? काही फरक वाटतो? वर जाऊन भेटते थांब.

दादा: जाशील. तुझी वहिनी आहे त्यांच्याजवळ. आत्ताच जरा पडलेत.

धाकटी: जेवून?

दादा: चहा उकळला बघ.

धाकटी: दादा, चहा मला दिसतोय. मी विचारलं, जेवून पडलेत का.

दादा: नाही.

धाकटी: आज नाही जेवले?

दादा: आजचं काय घेऊन बसलीस? अगं, ते जेवतच नाहीत. दोन घास, तेही वहिनीने गोड बोलून भरवले तर. विजारीला पट्टा लावायची वेळ आली. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या कमरेची मापं घेतली, त्याच्या कमरेला आता काही टिकत नाही.

धाकटी: कधीपासून? आणि मला का सांगितलं नाहीस?

दादा: झाले बरेच दिवस. काय सांगू? तू फोन करायचीस, ‘दादा, आज असा आकडा आला, दादा, आज तसा आकडा आला.’ तुझा आवाज ऐकून वहिनी म्हणायची, राहू द्या, तिचं होऊ दे एकदा. आणि सांगून तू काय करणार होतीस? डॉक्टरांनी तपासलं. घसा ठीक, पोट ठीक. म्हणाले, हा विसरण्याचा आजार पुढे सरकला की माणूस जेवायचंही विसरतो. घास तोंडात न्यायचा असतो हेच आठवत नाही. उद्या सकाळी बोलावलंय. नाकातून नळी घालायचं म्हणतायत.

धाकटी: उद्या?

दादा: उद्या. तू तिकडे व्यासपीठावर, आम्ही इकडे. म्हणून म्हटलं, तुझं भाषण झाल्यावर सांगू.

धाकटी: नळी त्यांना सहन होणार नाही. साधी मापाची टेप कुणी गळ्यात टाकली तरी ते चिडायचे. ओढून काढतील ती.

दादा: ओढू नये म्हणून हात बांधतात, असंही सांगितलं त्यांनी. मऊ पट्ट्या असतात म्हणे. मऊ आहेत हे दोनदा सांगितलं.

धाकटी: दादा...

दादा: तू रडू नकोस. मला एकच सांग, आणि बहीण म्हणून नको सांगू, शास्त्रीणबाई म्हणून सांग. बाबा शिवणकामाचं दुकान बंद करून माझ्याकडे आले तेव्हापासून रोज दोन्ही वेळचं माझ्या हातचं जेवले. त्यात ही पूड असायची. मी आवडीने घालायचो. वाटी चाटूनपुसून स्वच्छ करायचे, मला बरं वाटायचं. आता तुझे उंदीर असं म्हणतायत की मीच...

धाकटी: उंदीर काही म्हणत नाहीत. हा आजार असंख्य कारणांनी होतो. वय आहे, रक्तदाब आहे.

दादा: हे बहीण बोलली.

धाकटी: मी खोटं कसं बोलू तुझ्याशी? पूड खाल्लेल्या उंदरांची आठवण कच्ची झाली, हे मी मोजलंय. माणसांत तसंच होतं असं मी म्हणणार नाही. होत नाही असंही आज म्हणू शकत नाही.

दादा: झालं तर मग. घे, चहा घे. आणि ते भाषण म्हणून दाखव मला. प्रत्येक परीक्षेच्या आधी मलाच दाखवायचीस ना? ही एक परीक्षा का सोडायची? बघू तरी, कशाने काय झालं ते.

धाकटी: आत्ता?

दादा: आत्ताच. मला समजलं तर कुणालाही समजेल, असं तूच म्हणायचीस. माझ्या बाजूने बोललीस की विरुद्ध, ते मी ठरवतो.

धाकटी: बरं. उंदरांचे दोन गट. एकाच वयाचे, एकसारखे पिंजरे. आधी सगळ्यांना एक वाट शिकवली. लाकडी पेटी असते, आत गल्ल्या, वळणं, आणि एका गल्लीच्या टोकाला वाटीत खाद्याची गोळी. वाट पक्की झाली की गट वेगळे केले. एकाला साधं खाद्य. दुसऱ्याला तेच खाद्य, पण पूड मिसळलेलं. असे बरेच आठवडे. मग दोन्ही गट पुन्हा पेटीत सोडले. दार उघडलं की घड्याळ सुरू होतं. वाटीतली गोळी उचलली की आपोआप थांबतं. जितका वेळ जास्त, तितकी आठवण कमी.

दादा: आणि पूडवाल्यांना जास्त लागला.

धाकटी: जवळजवळ दुप्पट. चुकून यावा असा फरक नव्हता तो. सरांनी स्वतः आकडे परत तपासले.

दादा: कळलं. सरळ आहे. वाट विसरले.

धाकटी: वाट विसरले. इथे पडद्यावर एका उंदराची फीत दाखवायची आहे. आकडे बघताना लोक पेंगतात आणि उंदीर दिसला की जागे होतात, असं सरांचं म्हणणं. पेटीवर कॅमेरा असतो. सगळ्यात जास्त वेळ लागलेला उंदीर मी निवडलाय, क्रमांकावरून. ती फीत मीही आत्ता तुझ्यासोबत पहिल्यांदाच बघणार.

दादा: पहिल्यांदाच? वर्षभर काय केलंस मग?

धाकटी: मुद्दाम नाही पाहिल्या. कोणता उंदीर कोणत्या गटातला हे मला ठाऊक असतं, तेव्हा माझे डोळे मला हवं तेच बघणार. म्हणून मोजायचं ते यंत्राने. मी लुडबुड करायची नाही. आमच्याकडे त्याला शिस्त म्हणतात.

दादा: आमच्याकडे न चाखता वाढण्याला वेगळं नाव आहे. लाव.

(धाकटी फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा करते. हात पुसत दादा तिच्या खांद्यावरून वाकतो.)

धाकटी: हे दार उघडलं. आता पहिल्या वळणावर थबकेल बघ.

दादा: डावीकडे गेला.

धाकटी: डावीकडेच जायचं असतं. पहिलं वळण सगळ्यांनाच जमतं. पुढे बघ.

दादा: आता उजवीकडे. परत उजवीकडे. अगं, हा तर बाजारातून पिशवी घेऊन घरी यावा तसा चाललाय. कुठे इकडेतिकडे बघतसुद्धा नाही.

धाकटी: एक मिनिट.

दादा: पोचला की. वाटी तीच ना ती? पोचला.

धाकटी: घड्याळ चालू आहे. त्याने गोळी उचललेली नाही.

दादा: हुंगतोय. नाक काय वर केलंय. मिशा पुसल्या. बघ, बघ, पाठ फिरवून बसला. लग्नात मानपान चुकलेला व्याही वाटतोय. अरे, खा की. नाही म्हणतोय. परत आला, परत हुंगलं, परत गेला. उद्या तुझं सभागृह हसून...

धाकटी: का थांबलास?

दादा: हे मी पाहिलंय.

धाकटी: कुठे?

दादा: इथे, या टेबलाशी. रोज. बाबा येतात, खुर्ची ओढतात, बसतात, रुमाल मांडीवर घेतात, चमचा उचलतात. ताटावर वाकतात. मग चमचा ठेवतात आणि रुमालाची घडी घालून उठतात. थोड्या वेळाने परत येतात. परत तेच.

धाकटी: स्वतः येतात? कुणी हाक न मारता?

दादा: त्यांच्या वेळेला जिन्यावर पाऊल वाजतंच. घड्याळ लावून घे.

धाकटी: चमचा बरोबर धरतात?

दादा: धरतात ना. माझ्यापेक्षा नीट.

धाकटी: मग जेवायचं विसरलेत, असं कोण म्हणतं?

दादा: डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. मला काय कळतं त्यातलं? खुर्ची ओढतात, चमचा धरतात, हे त्यांना सांगायचं मला सुचलंही नाही. त्यांनी विचारलं, जेवतात का? मी म्हटलं, नाही.

धाकटी: थांब. बोलू नकोस. दुसरा बघू दे. हाही पूडवाला. डावीकडे, उजवीकडे, उजवीकडे. सरळ. एकही चूक नाही. वाटीपाशी थांबला. हुंगलं. बसला. तिसरा. तिसरा तर धावत गेला, दादा, आणि वाटीशी जाऊन नुसता उभा राहिला.

दादा: आता काय शोधतेयस?

धाकटी: आता साध्या खाद्याचा गट. हा बघ. हा चुकला. उजवीकडे वळायचं तिथे डावीकडे गेला. आपटला, परत फिरला. पुन्हा चुकला. पण वाटी दिसली आणि झेप घेतली बघ. घड्याळ थांबलं. माझ्या आकड्यांत हा हुशार आहे. हा, जो दोनदा वाट चुकला. आणि तो बिनचूक गेलेला व्याही, तो माझ्या आकड्यांत सगळ्यात विसराळू.

दादा: म्हणजे तुझं घड्याळ बिघडलेलं होतं?

धाकटी: घड्याळ अगदी बरोबर होतं. ते जे मोजत होतं ते मी ओळखलं नाही. मला वाटलं, आठवण मोजतंय. ते मोजत होतं, ही गोळी कुणाला किती हवी आहे. आठवड्यांमागून आठवडे त्यांनी चविष्ट खाल्लं आणि मी वाटीत ठेवली साधी, फिकी गोळी. कशाला धावतील ते? त्यांना वाट पाठ होती, दादा. वाटेच्या शेवटी जे होतं ते नको होतं.

दादा: आणि तू आनंदाने बोलतेयस. उद्याचं भाषण पाण्यात गेलं ना?

धाकटी: गेलं. संपूर्ण गेलं. मला ओरडावंसं वाटतंय आणि नाचावंसंही वाटतंय, दोन्ही एकदम. तुला कळतंय का, ते विसरले नव्हते.

दादा: उंदीर.

धाकटी: उंदीर. आणि बाबा. बाबांच्या बाबतीतही मी तेच केलं. फोन करून त्यांच्या ताटातली चव काढून घ्यायला लावली. मग त्यांनी ताट सरकवलं तर आपण म्हणालो, मेंदू गेला.

दादा: पण ती पूड वाईट आहे ना? तूच म्हणालीस.

धाकटी: नुकत्याच जन्मलेल्या उंदरांना भरमसाट टोचून दिली तर त्यांच्या मेंदूला इजा होते, हे जुनं आहे, ते खोटं नाही. पण जेवणातल्या चिमटीने मोठ्या माणसाच्या आठवणीचं काय होतं, त्याचं उत्तर माझ्याकडे आहे असं मला सकाळपर्यंत वाटत होतं. आता नाही. निर्दोष म्हणायलाही माझ्याकडे काही नाही आणि दोषी म्हणायलाही नाही.

दादा: आणि मला?

धाकटी: तुला काय?

दादा: मला दोषी म्हणायला?

धाकटी: तुला दोषी म्हणणारी मी एकटीच होते. आणि माझ्या हातात वाटीपाशी बसलेल्या एका रुसलेल्या उंदराखेरीज काही पुरावा नव्हता. दादा, डोळे पूस. बाबांची खाली यायची वेळ कधी?

दादा: झालीच. ती ऐक, वर खुर्ची सरकली.

धाकटी: डबा आहे का? पुडीचा? फेकलास?

दादा: फेकणार होतो. वरच्या फळीवर मागे सारून ठेवलाय. नवाच आणलेला डबा फेकायचं मन झालं नाही.

धाकटी: सूप कशाचं आहे?

दादा: गाजर, कोबी, थोडा मका. बाबांपुरतं वेगळं काढलंय.

धाकटी: दोन सारख्या वाट्या घे. एकीत चिमटीभर घाल, पूर्वी घालायचास तेवढीच. तिच्या बुडाला पेनाने ठिपका कर. आता भिंतीकडे तोंड कर. मी अदलाबदल करते, न बघता. हां. आता कोणती कोणती ते तुलाही माहीत नाही, मलाही नाही.

दादा: घरच्या माणसाला जेवायला वाढायला एवढं नाटक?

धाकटी: नाही तर तू त्या वाटीकडे आशेने बघशील आणि बाबा तुझा चेहरा बघून खातील. ते शिंपी आहेत, गिऱ्हाईकाच्या चेहऱ्यावरून कापड ओळखायचे. तोंड अगदी कोरं ठेव.

दादा: माझं तोंड कोरंच असतं. आले.

बाबा: दुकान उघडं आहे ना?

दादा: उघडं आहे. या, बाबा. हात धरू?

बाबा: पायऱ्या मोजक्याच आहेत. नमस्कार, बाई. आपण मापाला आलात?

धाकटी: हो.

बाबा: उभ्या राहा जरा. उजवा खांदा उतरलाय आपला. पिशवी नेहमी त्याच खांद्याला अडकवता. गळ्याला त्या बाजूने अर्धं बोट उचल द्यावी लागेल, नाही तर पडणार नाही नीट.

धाकटी: द्या उचल. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.

बाबा: आणि हे आपले बंधू.

दादा: कशावरून?

बाबा: नाक एकाच कापडातलं आहे. बसा, बसा. जेवण झालं की माप घेऊ.

धाकटी: आधी तुम्ही जेवा. आज दोन वाट्या आहेत. हवी ती घ्या.

बाबा: दोन कशाला?

दादा: नवीन पद्धत निघालीये, बाबा.

धाकटी: दादा, तोंड.

बाबा: ही बघू. हं. पाणी चांगलं तापलंय.

दादा: ठेवला चमचा. बघितलंस? ठेवला.

धाकटी: शू. त्यांच्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. काहीतरी बोल. भाजीचा भाव विचार.

दादा: भाजी काय भाव दिली?

धाकटी: मी भाजी विकत नाही. पुढे बोल.

दादा: काय बोलू? माझा जीव वर आलाय. दुसरी उचलली का त्यांनी?

धाकटी: रुमाल अजून मांडीवर आहे. घडी घातलेली नाही. दुसरीत चमचा घातला. वर नेला.

दादा: मग?

धाकटी: गिळला. थांबलेत.

दादा: थांबले म्हणजे?

धाकटी: परत चमचा घातला. दादा, परत. आणि परत. वाटी जवळ ओढून घेतली.

दादा: त्यांची सवय आहे ती. आवडलं की वाटी जवळ ओढायची, कुणी नेईल म्हणून. किती दिवसांत ओढली नव्हती.

धाकटी: अजून उलटी करून बघायची नाही. होऊ दे त्यांचं.

दादा: मला बघायचीच नाही. ज्या कुठल्या वाटीत जे काही असेल ते असो, जेवतायत.

धाकटी: मला बघायची आहे. बाबा, ही उरलेली वाटी मी नेऊ? नको आहे ना तुम्हाला?

बाबा: न्या, बाई. कुणाला अंघोळीला उपयोगी पडेल.

धाकटी: दादा, हिच्या बुडाला काही नाही. कोरी. ठिपका त्या वाटीला आहे, जी ते खातायत.

दादा: झालं. सिद्ध झालं.

धाकटी: काही सिद्ध झालं नाही. एका माणसावर एकदा करून बघितलं, एवढंच. उद्या असेच जेवतील असंही नाही. याला आमच्याकडे कुणी प्रयोग म्हणणार नाही.

दादा: मला पुरला. वाढू अजून? ठिपक्याची?

धाकटी: वाढ. थोडा भातही कालव त्यात. मी सरांना फोन लावते.

दादा: आत्ता? हे बघ, ऐक माझं. उद्याचं होऊन जाऊ दे. एवढं सभागृह, एवढं कौतुक. पुढच्या महिन्यात सावकाश सांग, की आणखी बघितलं तेव्हा वेगळं निघालं. कुणाचं काय अडलंय?

धाकटी: परवाच्या वर्तमानपत्रात येईल. मग कुठला तरी दादा आपल्या बाबांच्या जेवणातली चव काढून घेईल आणि कुठल्या तरी डॉक्टरांसमोर मान हलवेल. त्याच्या घरी फीत बघणारी बहीण असेलच असं नाही.

दादा: लाव फोन.

धाकटी: हॅलो, सर? हो, बोलू का? उद्याच्या निष्कर्षात चूक आहे. माझी. नाही, आकडे बरोबर आहेत. मी फिती बघितल्या... हो, आज, पहिल्यांदा. सर, पूडगटातले मी बघितलेले उंदीर वळणं चुकत नाहीत. वाटीपर्यंत साध्या गटाइतकेच लवकर पोचतात, काही तर आधी. पोचल्यावर खात नाहीत. आमची मोजणी गोळी उचलल्यावर थांबते ना, म्हणून... हो. हो, सर. गोळी साधी होती, हेच. चुकलेली वळणं वेगळी मोजायला हवी होती. आणि दोन्ही गटांना जी गोळी सारखीच आवडेल अशी वाटीत ठेवायला हवी होती... मी आज सगळ्या बघते. मला उंदरांचे क्रमांक दिसणार नाहीत अशी व्यवस्था तुम्ही करून द्याल?... आहे मी, सर. ऐकू येतंय... घरी. वडील इथे आहेत... हो. हो, आत्ता जेवतायत. सांगते.

दादा: काय म्हणाले? ओरडले?

धाकटी: नाही ओरडले. म्हणाले, सगळ्या फिती पाठव. मग म्हणाले, व्यासपीठ जाईल, भिंत परत मिळते का बघतो, दुपारची. आणि त्या वर्तमानपत्राच्या बाईंना ते स्वतः कळवतायत.

दादा: ‘चांगलं’ नाही म्हणाले?

धाकटी: नाही. म्हणाले, वडिलांचं जेवण झाल्याशिवाय तिथून हलू नकोस.

दादा: तुला वाईट नाही वाटत? खरं सांग.

धाकटी: वाटतंय. रात्री एकटी असेन तेव्हा आणखी वाटेल. पण डोकं थांबत नाहीये, दादा. त्या पुडीने भूक अशी वळते का, किती दिवस टिकते, म्हाताऱ्या उंदरांत काय होतं. वय झालं की जिभेची चव कमी होतेच. कोणी जेवत नाही तेव्हा विसरलाय की नकोय, हे ओळखायचं कसं? हा प्रश्न माझ्या आधीच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. शिवाय उद्याची सकाळ मोकळी झाली. डॉक्टरांकडे मी येते तुमच्याबरोबर.

दादा: नळी नको म्हणायचं?

धाकटी: आपण नाही म्हणायचं नाही. खुर्ची ओढतात, चमचा धरतात, वाटी जवळ घेतात, हे सगळं त्यांना सांगायचं. वजन बघतील, मीठ आणि रक्तदाब बघतील, मग ठरवतील. पण या वेळी पूर्ण ऐकून ठरवतील.

दादा: खुर्चीचं मी सांगतो. ते मला सांगायचंय. बाबा, अजून वाढू?

बाबा: पुरे. आपण चांगलं वाढता हो. इथला आचारी बदलला वाटतं?

दादा: हो, बाबा. आज नवीन आलाय.

बाबा: बरा आहे. कालपर्यंतच्या त्या माणसाला मात्र काही बोलू नका. मनाला लावून घेईल तो.

दादा: नाही बोलत.